गटाची रोपवाटिका: बाईची हजेरी धरून हिशोब

पहिल्या वर्षी आमच्या बचत गटाने 4000 रोपं 8 रुपयांप्रमाणे विकली. 32,000 रुपये आले. पिशव्या, माती, शेणखत, हिरवी जाळी, पाइप मिळून 20,000 गेले होते. उरलेल्या 12,000 ला आम्ही नफा म्हटलं आणि वहीत तसं लिहिलं. बैठक उठायच्या बेतात होती, तेवढ्यात गटातल्या थोरल्या आक्कांनी विचारलं, "नफा दिसतोय, पण माझी हजेरी कुठं मांडलीया?"

मांडलीच नव्हती. आक्का बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायला जायच्या. मस्टरवर नाव नसलं की मजुरी नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. आमचा तालुका सांगली जिल्ह्यातला तासगाव. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये याच तालुक्यात, विसापूर भागात, कामाची हमी देण्याचा प्रयोग केला आणि त्यातून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. अशा मुलखात राहून आम्हीच हजेरी विसरलो, हे मला फार लागलं.

त्या रात्री दिवस आठवून आठवून कागदावर मांडले. माती चाळणं आणि मिसळणं 10 दिवस. पिशव्या भरणं 13 दिवस (सवयीची बाई दिवसाला 400 भरते). बी लावणं 4. दर महिन्याला तण काढून रोपं हलवणं, महिन्याचे 4 दिवस, दहा महिन्यांचे 40. रोज तासभर पाणी, ते सगळे तास जोडून 38 दिवस. गाडी भरून देणं 5. बेरीज 110. बारा हजारांना 110 ने भागलं तर दिवसाला 109 रुपये पडले. त्याच बायांना द्राक्षाच्या बागेत 300 मिळतात.

म्हणून रोपवाटिका सुरू करायची असेल तर पहिलं काम खुरप्याचं नाही, वहीचं आहे. 110 दिवस गुणिले 300 म्हणजे 33,000 मजुरी. साहित्य 20,000. एकूण 53,000. भरल्या 5000 पिशव्या, त्यातल्या हजारभर मरतात किंवा खुरटतात, विकायला उरतात 4000. म्हणजे एका रोपाची घरची किंमतच सव्वातेरा रुपये. त्याखाली विकलं की तेवढी मजुरी बाईच्या पदरातून जाते. तुमच्याकडचे दर वेगळे असतील, आकडे बदला, पण मजुरीचा रकाना कोरा ठेवू नका. "सगळ्या आपल्याच आहेत, नंतर बघू" हे वाक्य बैठकीत निघालं तर तिथेच थांबवा.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट कळते. 5000 रोपं म्हणजे 110 दिवस, म्हणजे एका बाईला जेमतेम चार महिन्यांचं काम. दहा जणींच्या गटाला एवढ्यावर रोजगार मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आम्ही दुसऱ्या वर्षी 10,000 वर गेलो आणि दोघींचीच नावं कामाला लावली. बाकीच्या जणी भरणीच्या दिवसांत हजेरीने येतात. कुणाला किती दिवस मिळणार हे आधी सांगितलं की रुसवे होत नाहीत.

आता कामाचं वेळापत्रक. आमच्याकडे बायांचं वर्ष द्राक्षं ठरवतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, मग विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), जानेवारीपासून काढणी, त्यातच बेदाण्याचे शेड. या दिवसांत रोपवाटिकेत बाई मिळणार नाही आणि मिळवूही नये, तिची रोजी तिथे चांगली आहे. जुलै ते सप्टेंबर हात मोकळे असतात. म्हणून आम्ही पिशव्या जुलै-ऑगस्टमध्ये भरतो. रोप पुढच्या जूनपर्यंत दहा-अकरा महिन्यांचं, दणकट होतं. उरलं तर सप्टेंबरच्या पावसावर जातं. आमच्या पूर्व भागात जूनपेक्षा परतीच्या पावसाचाच भरवसा जास्त, त्यामुळे विक्रीचे दोन हंगाम धरायला हरकत नाही.

गिऱ्हाईक भरणीच्या आधी बघायचं. ग्रामपंचायत, शाळा, देवस्थानची कमिटी, आणि सगळ्यात खात्रीचे म्हणजे बागायतदार. त्यांना बांधावर गिरिपुष्प हवं असतं, त्याचा पाला खताला येतो. बागेला वाऱ्याचा आडोसा हवा असतो. शेवगा तर कुणीही नेतं आणि त्याचं रोप दोन महिन्यांत तयार होतं, म्हणून पहिले पैसे हातात यायला थोडा शेवगा ठेवाच. मागणी नोंदवताना चौथाई रक्कम आगाऊ घ्या, शंभर रुपये का होईना. एका कार्यालयाला आम्ही 1500 रोपं उधारीवर दिली, पैसे यायला आठ महिने लागले, आणि तेवढ्या काळात दोघींनी खासगी फायनान्सचं कर्ज काढलं. आता एकूण रोपांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उधारी नाही, असा गटाचा ठराव आहे.

एक सावधगिरी. आंबा, डाळिंब, चिकू यांची कलमं करून विकायचा मोह होतो, कारण त्यात पैसा दिसतो. फळझाडांच्या रोपवाटिकेला कृषी विभागाचा परवाना लागतो, त्यासाठी 1969 चा कायदा आहे. परवाना नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. कडुलिंब, चिंच, करंज, बाभूळ, हिवर, बेल, कवठ, जांभूळ, बहावा, आपटा एवढं आपल्या शिवारात आहे, ते आधी नीट करा.

बियांविषयी सविस्तर लिहिते, कारण रोपवाटिका इथे जगते किंवा बुडते. विकतचं बी आम्ही घेत नाही. बांध, रस्त्याकडेची झाडं, देवळाचं आवार, ओढ्याचा काठ इथून गोळा करतो. वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काही आणायचं नाही. झाड निवडताना सरळ, निरोगी, भरपूर फळणारं बघायचं आणि एकाच झाडाचं बी घ्यायचं नाही, निदान दहा झाडांचं मिसळायचं. किडका वंश सगळ्या गावात पसरवण्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त चाललेलं बरं.

कडुलिंबाचं बी थांबत नाही. जून-जुलैत पिवळ्या निंबोळ्या पडतात, त्या गोळा करून गर धुवायचा, सावलीत सुकवायच्या आणि दोन आठवड्यांच्या आत लावायच्या. आम्ही पहिल्या वर्षी डब्यात भरून दोन महिने ठेवल्या होत्या, शंभरात चारही उगवल्या नाहीत. जांभळाचंही तसंच, खाल्लं की लावा. एका बीतून दोन-तीन कोंब येतात, जोमदार तो ठेवायचा. कढीपत्त्याची काळी फळं पिकली की गर काढून लगेच मातीत.

चिंच आणि करंज एवढे घायकुतीला येत नाहीत. चिंचोके 24 तास पाण्यात भिजवले की पुरे. बहाव्याचं कवच मात्र दगडासारखं. पाणी उकळून चुलीवरून खाली घ्यायचं, मग त्यात बी टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. चुलीवर पाणी उकळत असताना बी टाकलं तर शिजतं, हे विसरू नका.

बाभळीचं बी काढायचा सगळ्यात चांगला उपाय आम्हाला एका धनगर तात्यांनी सांगितला. उन्हाळ्यात शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात, आणि कठीण बी रवंथ करताना टाकतात किंवा ते लेंडीतून पडतं. पोटातून आलेल्या त्या बियांचं कवच मऊ झालेलं असतं. शेळ्यांच्या वाड्यातला केर झाडून चाळला की मिळणारं बी साध्या बियांपेक्षा लवकर आणि जास्त उगवतं. तात्या पैसे घेत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना दरवर्षी वाड्याच्या कुंपणाला लावायला रोपं देतो.

वड, पिंपळ, उंबर यांचं बी मोहरीहून बारीक, त्याच्या नादी लागू नका. जुन्या भिंतींवर, विहिरीच्या चिऱ्यांत पक्ष्यांनी पेरलेली रोपटी पावसाळ्यात अलगद काढून पिशवीत लावा. भिंतही वाचते.

माती. आमच्याकडची काळी माती पिशवीत भरली की उन्हाळ्यात वीट होते, मुळी आत शिरत नाही. माळाची तांबडी माती दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग, वाळू एक भाग. वाळू महाग झाली आहे, तिथे चाळलेला बारीक मुरूम चालतो. साखर कारखान्याची मळी (रसाचा गाळ, प्रेसमड) मिळत असेल तर वर्षभर कुजलेलीच घ्या, ताजी मळी तापते आणि कोवळी मुळी जळते. 6 बाय 8 इंचाच्या 5000 पिशव्यांना सव्वादोन ते अडीच ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) मिश्रण लागतं. पिशवीच्या खालच्या अर्ध्या भागाला भोकं असलीच पाहिजेत. भरताना बोटाने दाबून कोपरे भरायचे, वरचा अर्धा इंच पाण्यासाठी मोकळा.

जागा वाटांसकट गुंठाभर पुरते. वाफे चार फुटांहून रुंद नकोत, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. पाण्याजवळची जागा बघा आणि कुंपण आधी करा, पिशव्या नंतर. एक शेळी एका दुपारी महिन्याचं काम फस्त करते. उन्हाळ्यात 5000 रोपांना दिवसाला हजारभर लिटर पाणी लागतं. बोअर मे महिन्यात साथ देतो का, हे मालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. आमचा बोअर दुसऱ्या वर्षी 10 मेला आटला आणि टँकरच्या पैशात शेवग्याची सगळी कमाई गेली.

महिन्याला रोपं हलवणं कंटाळवाणं वाटतं, पण ते चुकवलं की मुळी पिशवी फोडून जमिनीत जाते. मग जूनमध्ये रोप उचलताना ती तुटते आणि लावल्यावर आठवड्यात रोप माना टाकतं. गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. विक्रीच्या महिनाभर आधी जाळी काढून ऊन दाखवायचं आणि पाणी हळूहळू कमी करायचं. कोवळं, हिरवंगार, उंच रोप लोकांना आवडतं, पण माळावर टिकतं ते बुटकं, जाड बुंध्याचं. हे गिऱ्हाइकाला समजावून द्यायला लाजू नका.

रोप देताना आम्ही पिशवीमागे एक रुपया अनामत धरतो. रिकामी पिशवी परत आणली की रुपया परत. नाहीतर झाडं लावायच्या नावाखाली बांधाबांधाला प्लास्टिक पेरलं जातं.

गेल्या वर्षापासून एक काम वाढवलं आहे. ग्रामपंचायतीने आमच्याकडून 300 झाडं घेतली, तेव्हा मी ग्रामसेवकांना म्हटलं, "भाऊसाहेब, लावून विसरायची असतील तर देत नाही. संगोपनही आम्हालाच द्या." ग्रामसभेत ठराव झाला: तीन वर्षं पाणी, आळं, काटेरी कुंपण, आणि पैसे जगलेल्या झाडामागे, दर महिन्याला. एक तारखेला ग्रामसेवक आणि गटातली एक जण मिळून झाडं मोजतात. हिवाळ्यात 300 पैकी 268 होती. मेल्याजागी श्रावणात नवी लावली, ती आमच्या खर्चाने. या कामात दोघींना वर्षभर रोज सकाळचे दोन तास मिळतात, द्राक्षाच्या कामाला जायच्या आधी. आक्का त्यातल्या एक आहेत. हजेरीची वही आता त्यांच्याच पिशवीत असते.