सुरुवात तीन माणसांपासून करा

मतं कशी बनतात आणि कशी सरकतात, याचं मॉडेलिंग शिकायला येणारी बहुतेक मुलं आधी विचारतात, ‘डेटा कुठून मिळेल?’ डेटा राहू द्या. कागद-पेन घ्या आणि तीनच माणसं धरा.

इथे नौपाड्यात जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा कायम चालू असते, म्हणून मी उदाहरण तेच घेतो. सेक्रेटरी ठाम बाजूने: मत 1. तळमजल्यावरचे काका ठाम विरोधात: 0. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सध्या 0.2 वर. त्या सेक्रेटरींच्या मताला निम्मं वजन देतात, काकांच्या मताला पाव, स्वतःच्या मताला पाव. या वजनांनी तिघांच्या मतांची सरासरी काढली की झाली एक फेरी, आणि ती सरासरी म्हणजे काकूंचं नवं मत. एका फेरीत काकू 0.55 वर येतात, मग 0.64, मग 0.66, आणि दोन तृतीयांशाशी स्थिरावतात. आता काकूंना 0.9 पासून सुरू करा. पोचतात तिथेच! त्या आधी काय म्हणत होत्या, याचा शेवटी मागमूस उरत नाही. निकाल लावतात ती दोन न हलणारी माणसं आणि काकूंनी दिलेली वजनं.

सरासरीचा हा नियम संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डीग्रूट यांनी 1974 मध्ये मांडला. प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या वाटेने सगळ्यांपर्यंत पोचत असेल आणि प्रत्येक जण स्वतःलाही थोडं वजन देत असेल, तर या नियमात एकमत होतंच. मग खऱ्या जगात मतभेद टिकतात कसे? मला या विषयाची ओढ लागली ती या प्रश्नामुळे. फ्रीडकिन आणि जॉन्सन यांच्या 1990 च्या मॉडेलमध्ये माणूस आपल्या मूळ मताला थोडा धरून राहतो. हेगसेलमान आणि क्राउसे यांच्या 2002 च्या मॉडेलमध्ये फार वेगळं बोलणाऱ्याचं तो ऐकतच नाही, आणि ऐकण्याची मर्यादा आखूड असेल तर गट पडतात.

तयारी म्हणाल तर मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्सशी जोडलेल्या खास संख्या), संभाव्यता आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. नेटवर्कएक्स या पायथनच्या लायब्ररीत झॅकरी या संशोधकांनी नोंदवलेलं, एका कराटे क्लबमधल्या सदस्यांच्या आपसांतल्या संबंधांचं नेटवर्क तयारच मिळतं: 34 माणसं, 78 दुवे. सरावाला उत्तम.

पुढे खऱ्या गटाकडे वळाल तेव्हा परवानगी घ्या, नावं काढून टाका. आणि ग्रुपवरचा मेसेज म्हणजे मत असं धरू नका. गप्प बसणाऱ्यांचंही मत असतं. सभेच्या आधी आणि नंतर प्रत्येकाला एकट्याने गाठून तोच प्रश्न विचारलात, तर हाती येणारे ते थोडेसे आकडे मला हजारो मेसेजपेक्षा जास्त भरवशाचे वाटतात.