बाळाचा इसब आणि प्रोबायोटिक: द्यायचं का, कसं द्यायचं

घरात दमा, इसब किंवा ॲलर्जी असली की गरोदर बाईला कुणीतरी सांगतंच, “प्रोबायोटिक घे, बाळाला त्रास होणार नाही.” प्रोबायोटिक म्हणजे शरीराला उपयोगी पडावेत म्हणून घेतलेले जिवंत जिवाणू. या सल्ल्याला मोठं बळ मिळालं फिनलंडमधल्या तुर्कू शहरातल्या अभ्यासातून. तिथे अशा घरांतल्या गरोदर स्त्रियांना बाळंतपणाआधी २ ते ४ आठवडे, आणि नंतर ६ महिने अंगावर पाजणाऱ्या आईला किंवा बाळाला लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी हा जिवाणू दिला. २००१ साली निकाल छापून आला. दोन वर्षांची झाल्यावर जिवाणू मिळालेल्या २३ टक्के मुलांना इसब होता, न मिळालेल्या ४६ टक्के. पण २००८ मध्ये जर्मनीतल्या अभ्यासात त्याच जिवाणूने काहीच फरक पडला नाही. हे दोन्ही लक्षात ठेवूनच पुढे जा.

आधी हेतू ठरवा. इसब होऊ नये म्हणून देताय, की झालेला बरा व्हावा म्हणून? झालेल्या इसबावर फारसा उपयोग होत नाही, असं अनेक अभ्यास एकत्र तपासणारं २०१८ चं कॉक्रेन परीक्षण सांगतं. त्यामुळे मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम थांबवू नका. याबाबतीत मी आग्रही आहे.

डॉक्टरांना विचारा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर स्वतःहून एक थेंबही देऊ नका. क्वचित हेच जिवाणू रक्तात शिरून गंभीर संसर्ग करतात.

लेबल शेवटपर्यंत वाचा. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ पुरेसं नाही. जात, प्रजाती आणि शेवटचा उपप्रकार, म्हणजे ‘जीजी’सारखी अक्षरं, तिन्ही हवीत. एका उपप्रकाराचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही. २०२० मध्ये वर्गीकरण बदललं, म्हणून ‘लॅक्टिकेसीबॅसिलस रॅम्नोसस’ असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, जिवाणू तोच. तुर्कूत रोजची मात्रा १० अब्ज जिवंत जिवाणूंची होती. मुदत आणि साठवण्याचं तापमानही बघा.

घरचं दही जेवण म्हणून खा. आपल्या विरजणात नेमके कोणते जिवाणू आहेत, हे आपल्याला ठाऊक नसतं, त्यामुळे ते औषधाची जागा घेत नाही. ताज्या ताकात ते जिवंत असतात, कढी उकळली की मरतात. आंबोळीचं पीठ कितीही छान आंबलं तरी तव्यावर तेच होतं. आणि बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल तर दहीसुद्धा नको. आंबवल्याने दुधातली प्रथिनं नाहीशी होत नाहीत.

सुरू केल्यावर नोंद ठेवा. त्याच आठवड्यात साबण, तेल, आहार काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. दर आठवड्याला त्याच उजेडात त्वचेचा फोटो काढा. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. ताप आला, बाळ मलूल झालं किंवा अंगावर पित्त उठलं, तर प्रोबायोटिक थांबवून लगेच डॉक्टरांकडे न्या. जाताना डबी बरोबर घ्या.