पेरणीआधी घरच्या ताटाचाही आराखडा मांडा

पेरणी जवळ आली की बियाणं, खत, मजुरी आणि डिझेलचा हिशेब मांडला जातो. त्याच कागदावर यंदा आणखी एक ओळ लिहा. पेरणीपासून नवं पीक घरात येईपर्यंत घरातली माणसं काय खाणार? किती पोती धान्य शिल्लक आहे एवढं लिहून थांबू नका. भाजी कुठून येणार, डाळ किती दिवस पुरणार, दूध आणि अंडी सगळी विकली जाणार की काही घरात राहणार, तेही लिहा.

पावसावर शेती करणाऱ्यांसाठी हे महिने फार जड असतात. जुनं धान्य संपत आलेलं असतं, हातातला पैसा मातीत गेलेला असतो, काम मात्र वर्षात सगळ्यात जास्त. तरीही बहुतेक घरं पोट भरतात. ते कशानं भरतात, हे पाहायला हवं. पैसा कमी पडू लागला की आधी फळ बंद होतं, मग अंडी, दूध, मासे कमी होतात, डाळ पातळ होते, भाजी एक दिवसाआड होते. धान्य शेवटपर्यंत टिकतं, कारण कमी पैशात पोट भरणारं तेच असतं.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना अन्नाची असुरक्षितता मोजायला ८ प्रश्न विचारते. त्यांचा क्रम साधारण असाच आहे. सुरुवात होते अन्न पुरेल की नाही या काळजीपासून. मग सकस अन्न न मिळणं, मोजकेच पदार्थ खावे लागणं, त्यानंतर जेवण चुकणं, आणि शेवटी दिवसभर उपाशी राहणं. म्हणजे भूक दिसू लागते त्याच्या कितीतरी आधी ताटातला कस गेलेला असतो. लोह, जस्त (झिंक), अ जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) यांची तूट तिथेच सुरू होते. जगात पाच वर्षांखालच्या दर दोन मुलांपैकी एकात, आणि १५ ते ४९ वयाच्या गर्भवती नसलेल्या दर तीन महिलांपैकी दोघींमध्ये, किमान एका सूक्ष्म पोषकद्रव्याची कमतरता असावी, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी शेत आहे म्हणून ही तूट आपोआप टळत नाही.

शरीराचीही एक कोठी असते

कोणतं पोषकद्रव्य शरीर साठवून ठेवतं आणि कोणतं नाही, हे कळलं की काय आणि कधी लावायचं ते ठरवणं सोपं जातं. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि काही महिने पुरतं. सुगीच्या दिवसांत हिरवं आणि केशरी भरपूर खाल्लं, तर त्याचा आधार टंचाईच्या काळातही मिळतो. लोहाचाही साठा होतो, पण पाळीतलं रक्त, बाळंतपण आणि वाढीचं वय यांत तो लवकर उपसला जातो. क जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांचाच. जस्ताची तर मोठी शिल्लक शरीरात राहतच नाही. ते सतत खाण्यातून यावं लागतं.

म्हणून पेरणीच्या वेळी तीन गोष्टी एकत्र जमिनीत घाला. महिन्याभरात हाताला येणारा पाला, काढून ठेवता येणारं केशरी पीक, आणि पुढच्या टंचाईसाठी राखायचं कडधान्य.

पाल्यासाठी राजगिरा आणि चवळी सोयीची. राजगिऱ्याची पहिली काढणी २५ ते ३० दिवसांत होते. चवळीची कोवळी पानंही साधारण तेवढ्याच दिवसांत खुडता येतात, पुढे शेंग मिळते ती वेगळीच. सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. दर दोन ते तीन आठवड्यांनी थोडं थोडं टाका, नाहीतर आठ दिवस भाजी अंगावर येते आणि मग महिनाभर पान दिसत नाही. वापरलेल्या पाण्याच्या वाटेवर चार वाफे पुरेसे आहेत. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको. साबणाचं दाट पाणी अजिबात नको. बांधाला शेवग्याची दोन-तीन झाडं असली, तर कोरड्या दिवसांतही पाला मिळतो.

केशरी पिकात लाल भोपळा आणि केशरी गराचं रताळं घ्या. भोपळा पूर्ण पक्व, साल नखानं दबणार नाही इतकी कडक झाल्यावर, देठासकट काढा आणि कोरड्या, हवेशीर जागी एकमेकांना टेकणार नाहीत असा ठेवा. दोन-तीन महिने तो सहज टिकतो. केशरी रताळ्याचं काम मोझांबिक आणि युगांडात झालं आहे. तिथे ते पिकवून खाणाऱ्या घरांत महिला आणि मुलांच्या आहारातलं अ जीवनसत्त्व वाढलं. या कामाला २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १२५ ग्रॅम केशरी रताळं लहान मुलाची दिवसाची अ जीवनसत्त्वाची गरज भागवू शकतं. पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते जवळपास नसतं, त्यामुळे वेल आणताना गराचा रंग विचारूनच आणा. खरी अडचण पुढच्या हंगामाच्या वेलांची होते, कारण कोरड्या दिवसांत ते मरतात. पाण्याच्या जागेजवळ सावलीत दोन हात जागा वेलांसाठी राखून ठेवा.

जमिनीतलं जस्त

माणसाच्या ताटातलं जस्त कमी पडण्यामागे जमिनीचाही हात असतो. चुनखडीच्या, जास्त सामूच्या (म्हणजे अल्कलीकडे झुकलेल्या), सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या जमिनीत आणि सतत पाणी तुंबणाऱ्या भातखाचरात पिकाला जस्त मिळत नाही. स्फुरद (फॉस्फरस) वर्षानुवर्षं जास्त पडत गेलं तरी असंच होतं. भाताच्या पानांवर तांबूस ठिपके, मक्याच्या कोवळ्या पानांवर मधल्या शिरेच्या बाजूनं पांढरट पट्टे, पानं लहान आणि पेरं आखूड, ही त्याची लक्षणं. लक्षणं दिसण्याआधीच उत्पादन आणि दाण्यातलं जस्त दोन्ही घटू लागलेलं असतं, म्हणून डोळ्यांवर विसंबून राहू नका. मातीचा नमुना तपासून घ्या.

नमुना घेताना एक चूक सर्रास होते. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीत माती गोळा केली जाते आणि अहवालात जस्त भरपूर दिसतं. बादली प्लॅस्टिकची आणि खुरपं स्वच्छ, गंज नसलेलं घ्या. नमुना १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा घ्या. डीटीपीए या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनं तपासलेलं जस्त ०.६ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.६ भागांपेक्षा) कमी आलं, तर जमीन तुटीची समजतात.

अशा जमिनीत एकरी साधारण १० किलो झिंक सल्फेट, म्हणजे २१ टक्के जस्त असलेलं, पेरणीपूर्वी द्या. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर ठेवून दिलं तर जास्त उपयोगी पडतं. स्फुरदाच्या खतात ते मिसळू नका, दोन्ही अडकून पडतात. एकदा दिलेलं जस्त दोन-तीन पिकांना पुरतं, दर हंगामी टाकायची गरज नसते. आधी माती तपासा, मग पोतं फोडा.

जमिनीतून दिलेल्या जस्तानं उत्पादन सुधारतं. दाण्यातलं जस्त वाढवायचं असेल तर फवारणी अधिक उपयोगी पडते, विशेषतः गहू आणि भाताला. फुलोरा संपल्यावर आणि दाणा दुधात असताना ०.५ टक्के झिंक सल्फेट फवारा. १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, असं प्रमाण ठेवा. निवळी टाकली नाही तर पानं करपतात. फवारणी संध्याकाळी करा. तुर्कस्तानच्या मध्य अनातोलिया पठारावरच्या जस्त-कमी जमिनींत १९९० च्या दशकात गव्हावर हे काम झालं. तिथे जस्त दिल्यावर आधी उत्पादन वाढलेलं दिसलं, आणि फवारणीनं दाण्यातलं जस्तही वाढलं. फिनलंडनं १९८४ मध्ये खतांत सेलेनियम हे सूक्ष्म पोषकद्रव्य मिसळायचं ठरवलं, कारण तिथल्या मातीत ते कमी होतं. पुढे लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं. मातीतून माणसापर्यंतची वाट इतकी थेट असू शकते.

लोहाचं तसं नाही, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. पान पिवळं पडलं म्हणून फेरस सल्फेट हे लोहाचं खत फवारलं तर पीक हिरवं होतं, पण दाण्यातलं लोह त्यानं फारसं वाढत नाही. चुनखडीच्या जमिनीत मातीतून दिलेलं फेरस सल्फेट तर लगेच निकामी होतं. लोहासाठी बियाणं बदला. जास्त लोहाच्या बाजरीच्या आणि घेवड्याच्या, तसंच जास्त जस्ताच्या गव्हाच्या आणि भाताच्या जाती पारंपरिक पैदाशीतून तयार झाल्या आहेत. आपल्या भागासाठी शिफारस केलेली जात असेल तर निदान घरच्या खाण्यापुरतं क्षेत्र तिच्याखाली आणा. बोरॉन मात्र अंदाजानं टाकू नका. त्याची कमतरता आणि त्याचं विष होणं यात अंतर फार थोडं असतं.

घरचा वाटा आधी

चांगलं पिकलं तरी सकस माल बाजारात जातो आणि त्या पैशातून स्वस्त धान्य व तेल घरात येतं. विकण्यात चूक नाही, पैसा लागतोच. पण माझं मत ठाम आहे. घरचा वाटा आधी बाजूला काढा, उरलेलं तोलायला न्या. भाव पाहून नंतर ठरवू म्हटलं की घरात काही उरत नाही. वाफ्यांचं आणि कोंबड्यांचं उत्पन्न घरातल्या बाईच्या हाती राहू द्या. स्वयंपाक तीच पाहते, काय संपलंय ते तिला आधी कळतं.

राखलेलं कडधान्य दाताखाली कट्कन तुटेपर्यंत वाळवा आणि हवाबंद भरा, नाहीतर भुंगा लागून टंचाईच्या दिवशी पीठच हाती येईल. भुईमूग आणि मक्याला बुरशी दिसली तर तो माल खाऊ नका, घरात किंवा गोठ्यातही वापरू नका. पाला सावलीत वाळवा. उन्हात वाळवल्यानं अ जीवनसत्त्वाचा मोठा भाग जातो. नगदी पिकावर जी औषधं मारता ती घरच्या भाजीवर मारू नका, आणि फवारलेल्या शेताच्या बांधावरचा पाला खुडू नका.

धान्य आणि कडधान्यात फायटेट असतं, ते लोह आणि जस्त शरीरात मुरू देत नाही. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यानं ते कमी होतं. पालेभाजीतलं लोहही थोडंच मुरतं, म्हणून जेवणात काहीतरी आंबट, ताजं असावं आणि चहा-कॉफी जेवणाला लागून घेऊ नये. भाजीत थोडं तेल असलं तरच अ जीवनसत्त्व नीट लागू होतं. तांदूळ फार पॉलिश करून आणू नका.

शेतातून सगळं भरून निघत नाही. आयोडीनसाठी आयोडीनयुक्त मीठच वापरावं लागतं. बी १२ प्राणिजन्य अन्नातून येतं, म्हणून दूध, अंडं किंवा मासे थोडे तरी घरात राहायला हवेत. गर्भवतीला दिलेल्या लोह-फोलेटच्या गोळ्या भाजी मिळते म्हणून थांबवू नका. थकवा, धाप, फिकेपणा यांचं कारण जंत, हिवताप किंवा रक्तस्रावही असू शकतो, त्यासाठी तपासणीच करावी लागते.

पेरणी झाली की आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि घरातल्या बाईनं आदल्या दिवशी काय खाल्लं ते मोजा. तृणधान्य व कंद, कडधान्य, दाणे व तेलबिया, दूध, मांस-मासे, अंडी, गडद हिरवा पाला, केशरी भाज्या-फळं, इतर भाज्या, इतर फळं, असे १० गट धरतात. त्यांतले ५ झाले तर बरं चाललंय. ५ च्या खाली सलग दोन आठवडे आलं, तर मधल्या वाफ्यात राजगिऱ्याचं बी त्याच दिवशी टाका, पुढच्या महिन्याचं पान तिथून येईल.