जमिनीखाली रोबोचा कारखाना काढायचाय? आधी दगड कुठं टाकणार ते सांगा

आपल्याकडची पोरं सायन्स फिक्शन लिहायलेत, चांगलंय, मला वाचायला पण पाठवतात. पण दर तिसऱ्या गोष्टीत तेच, जमिनीखाली अवाढव्य कारखाना, निळे लाईट, रांगेत उभे हजारो रोबो, आणि वर गावात कुणाला पत्ताच नाही. मी वाळूजच्या कारखान्यांत बरीच वर्षं मेंटेनन्समधे काढलीत, त्यामुळं माझं डोकं रोबोकडं जातच नाही, मला वाटतं अरे एवढा दगड काढला तर तो टाकला कुठं? म्हणून म्हणलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, कारखाना कसा रचायचा ते.

तर पहिलं काम, वही घ्या आणि हॉलचं माप लिहा. समजा 300 मीटर लांब, 100 रुंद, 20 उंच. हे काही फार मोठं नाही, एक मोठा शेड समजा. सहा लाख घनमीटर झाले, आपला काळा दगड घनमीटरला पावणेतीन-तीन टन भरतो म्हणजे साडेसोळा ते अठरा लाख टन. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं तेव्हा दोनेक लाख टन दगड काढला असा अंदाज सांगतात, म्हणजे तुमचा एक हॉल आठ कैलासांएवढा! त्यात दगड फोडला की फुगतो, दीडपट धरा, नऊ लाख घनमीटर. पाच ब्रासच्या हायवानं (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) न्यायचं म्हणलं तर 64,000 खेपा होतात. रोज शंभर खेपा केल्या तरी पावणेदोन वर्षं, आणि गावातलं कुत्रं पण भुंकणार नाही असं तुम्ही लिहिता.

याला उपाय सोपाय. वर खडी क्रशर टाका. धूळ, सुरुंगाचे आवाज, रात्रंदिवस हायवा, रस्त्याची वाट लागलेली, कुणी काही विचारत नाही, फार तर सरपंच रस्त्यासाठी भांडंल. खडी विकून पैसे पण येतात.

मग खोली ठरवा. पोरं सरळ दोन किलोमीटर खाली जातात, कामून ते त्यांनाच माहीत. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीजवळ शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतला तेव्हा साधारण 340 मीटरवरच बेसॉल्ट संपला आणि खाली वेगळा जुना खडक लागला. आपला बेसॉल्ट म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, विहीर खोदणाऱ्या कुणालाही विचारा, घट्ट काळा दगड कोरडा असतो आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यातून पाणी येतं. म्हणून छत घट्ट थरात धरा आणि पाणी उपसायच्या मोटारी कुठं बसवल्या ते लिहा. 150 मीटर भरपूर झालं. भूकंप दाखवायचा असंल तर हॉल कोसळवू नका, खोलवरच्या पोकळीला हादरे बहुतेक वरच्यापेक्षा कमी बसतात, तोंड आणि शाफ्ट, म्हणजे वर जाणारी उभी विहीर, आधी जातंय.

आता तोंड. आठला एक असा उतार धरला तर 150 मीटर खाली जायला 1200 मीटरचा बोगदा लागतो. रुंदी रोबोवरून नाही, सगळ्यात मोठ्या मशीनवरून ठरते. एका कंपनीत आम्ही नवीन प्रेस आणला आणि तो शटरमधून आत जाईना, शेवटी भिंत पाडली, साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. जमिनीखाली भिंत पाडता येत नाही राव. आणि तोंड एकच ठेवू नका, देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारात, घुसलेल्या शत्रूला धूर सोडून कोंडायची सोय होती, तुमच्या बोगद्यात एक केबल जळाली तरी तेच होणार. हवेचे शाफ्ट वेगळे काढा. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरवातीला खडकीला (म्हणजे आजच्या संभाजीनगरला) जमिनीखालून नहर आणली तिला सुद्धा ठिकठिकाणी वर तोंडं ठेवली होती.

सगळ्यात जास्त लिहायचंय ते उष्णतेवर. लेण्यात मे महिन्यात गार लागतं म्हणून लोकांना वाटतं खाली थंडच असणार. मशीन चालू करा मग बघा. दगड उष्णता लवकर सोडत नाही, आणि जेवढी वीज आत जाते तेवढी जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. 10 मेगावॅटचा कारखाना धरला आणि पाणी उडवून थंड केला तर दिवसाला साडेतीन लाख लिटर पाणी वाफ होऊन जातं. 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली ती दहा वॅगनची, साधारण पाच लाख लिटर. म्हणजे निम्म्याहून जास्त गाडी रोज! मराठवाड्यात एवढं पाणी गुपचूप कुठून आणणार, सांगा की.

लाईनचं थोडक्यात सांगतो. दहा मिनिटाला एक रोबो म्हणजे दिवसाला 144. प्रत्येकाची 24 तास टेस्ट घ्यायची तर टेस्टच्या हॉलमधे कायम 144 रोबो उभे असणार, हे साधं गणित आहे. निळे लाईट मात्र काढून टाका, जपानमधे फानुकच्या कारखान्यात रोबोच रोबो बनवतात आणि अशा बिनमाणसाच्या लाईनला लाईट लागतच नाही. काळोखात 144 जण हात वरखाली करायलेत आणि तुमचा हिरो मोबाईलचा टॉर्च घेऊन आत आलाय, हे जास्त भारी वाटंल का नाही?

राहिला पाण्याचा आणि वाफेचा प्रश्न. माझं मत विचाराल तर हे सगळं साखर कारखान्याच्या खाली टाका. उसात सत्तर टक्के पाणीच असतं, ते गाळपात सुटतं, बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, वीज होते, वाफेचे लोट रोजचेच, आणि रोबो बाहेर काढायला उसाच्या ट्रॉल्या आहेतच, चार महिने रस्ता त्यांनीच भरलेला असतो. फक्त एवढंच, की मार्च-एप्रिलात गाळप संपतं. मग मे महिन्यात, ऊस नाही, बॉयलर थंड, तरी मागच्या बाजूला वाफ निघायलीय, हे बघणारा एक रात्रपाळीचा वॉचमन गोष्टीत पहिल्या पानापासून ठेवा, आणि त्याला बिडी ओढायला नेमकं त्याच बाजूला जायची सवय लावून द्या.