लाईट गेली की चोर-अलार्म झोपतो, त्याला उठवायचं कसं

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला आणि मी ठाण्यात, म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले आठ-दहा दिवस सोडले तर त्या घरात पाली आणि कोळीच राहतात. म्हणून अलार्म लावला. एका जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात शेजारच्या काकांचा फोन, "अरे तुझो भोंगो अर्धी रात्र बोंबलत होतो, मगे आपसूक गप झालो. चोर-बिर कोण नाय हां, मी बॅटरी मारून बघलंय." दोन दिवसांनी लाईट आली पण अलार्म काही आला नाही. शनिवारी जाऊन बघितलं, धडपड केली, थोडं जाळलं पण (एक फ्यूज, दीडशे रुपयांचा धडा), आणि तेव्हापासून वाडीतल्या चार-पाच घरांचे अलार्म मीच बघतो, फुकट, फार तर सोलकढी मिळते.

आधी एक सांगतो. लाईट जाण्याने अलार्म बिघडतो असं फार कमी वेळा होतं. बॅटरी कधीचीच मेलेली असते, पण लाईट आहे तोवर सगळं ॲडॅप्टरवर चाललेलं असतं, हिरवा दिवा पेटलेला, कीपॅड छान टुकटुक करतंय, आपण खूश. लाईट जाते आणि पितळ उघडं पडतं. त्यामुळे पॅनल (अलार्मचा मुख्य डबा) बदला, सर्किट गेलंय वगैरे कोणी सांगितलं तर लगेच पैसे काढू नका, आधी खालचं सगळं करून बघा.

पहिलं म्हणजे लाईट खरंच आलीय का ते बघा, आणि वाडीत आलीय का असं नाही विचारत मी, तुमच्या घरात आलीय का. पावसात भिंती ओल्या असतात, बाहेरच्या पडवीतल्या होल्डरमध्ये पाणी जातं, मग आरसीसीबी (करंट गळला की सगळ्या घराची लाईट तोडणारा मोठा स्विच) ट्रिप होतो आणि तो आपणहून कधीच वर येत नाही. सगळ्या वाडीत दिवे लागलेत आणि तुमच्या बंद घरात चार दिवस अंधार, हे मी तीन घरांत बघितलंय. वर करून पुन्हा पडत असेल तर जबरदस्तीने टेप-बिप लावून धरू नका (लोक करतात!), सगळे एमसीबी (एकेका लाईनचे छोटे स्विच) खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवत जा, जो चढवल्यावर आरसीसीबी पडेल त्या लाईनमध्ये ओल आहे. ती लाईन बंद ठेवून बाकीचं चालू ठेवा आणि वायरमनला बोलवा.

आता पॅनलचा डबा उघडायचा. त्याआधी त्याचा प्लग काढा किंवा एमसीबी बंद करा, आत २३० व्होल्ट येत असू शकतात. झाकण उघडलं की लगेच बॅटरीची एक वायर सोडवा, नाहीतर टॅम्पर स्विच (झाकण उघडल्याचं ओळखणारा) सुटून हूटर, म्हणजे भोंगा, कानाजवळ वाजत राहतो, आणि तो आवाज १०० डेसिबलच्या वर असतो, शिडीवरून पडाल. बाहेरच्या काही हूटरमध्ये स्वतःची छोटी बॅटरी असते, पॅनलकडून करंट येणं थांबलं की तो समजतो कोणीतरी वायर कापली आणि ओरडायला लागतो. काकांनी ऐकलेला भोंगा तोच होता. पॅनलची बॅटरी संपली, हूटर ओरडला, मग त्याचीही संपली.

ॲडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मर तपासायला लाईट परत द्यावी लागते आणि व्होल्ट मोजायचा मल्टीमीटर लागतो, साधा स्वस्तातला चालतो. इथे एक फसवाफसवी आहे. बऱ्याच पॅनलना १६ ते १८ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही. मीटर डीसीवर ठेवून मोजलं तर शून्याच्या आसपास दाखवतो आणि माणूस चांगला ट्रान्सफॉर्मर भंगारात टाकतो, मीच टाकणार होतो. त्याच्या अंगावर काय छापलंय ते वाचा, तसा मीटर फिरवा. व्होल्ट नाहीच आला तर ॲडॅप्टर गेला. आला तर लाईट परत बंद करून पॅनलवरचा काचेचा फ्यूज काढा आणि मीटरच्या बीप मोडवर बघा, बीप नाही वाजली तर फ्यूज गेला, डोळ्याने चांगला दिसणारा फ्यूजही गेलेला असू शकतो. नवीन टाकताना तेवढ्याच अँपिअरचा. माझ्या दीडशेचा धडा हाच, दोन अँपिअरच्या जागी एकचा टाकला आणि हूटर वाजल्याबरोबर तो पण उडाला. पण उलटं केलं असतं, म्हणजे दोनच्या जागी पाचचा, तर बोर्ड जळला असता, त्यापेक्षा बरं.

आता बॅटरी, दहातल्या सात वेळा चोर इथेच असतो. बहुतेक घरगुती पॅनलमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची साठवण) सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते, विटेपेक्षा लहान, वजनाला दोन किलोच्या आसपास. पॅनल चालू असताना मीटर लावलात तर १३.६-१३.८ व्होल्ट दाखवेल आणि वाटेल वा, मस्त आहे. तो आकडा चार्जरचा आहे, बॅटरीचा नाही! खरं बघायचं तर लाईट बंद करा, बॅटरी सोडवून दोन-तीन तास तशीच ठेवा आणि मग मोजा. १२.७ च्या आसपास असेल तर भरलेली, १२ च्या खाली असेल तर रिकामी, साडेदहाच्या खाली गेलेली असेल तर तिला हार घाला. नुसता आकडा चांगला आला म्हणून पण विश्वास ठेवू नका. लाईट द्या, बॅटरी परत जोडा, मग लाईट पुन्हा बंद करून एक मिनिट हूटर वाजवा आणि वाजत असताना मीटर बघत राहा, ११ च्या खाली झपकन घसरली तर आतून पोकळ आहे. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे काका टॉर्च घेऊन धावत येणार नाहीत.

एक अपवाद. लाईट दोन दिवस नव्हती आणि आत्ताच आलीय, तर लो-बॅटरीचा दिवा लगेच जात नाही. पॅनलचा चार्जर छोटा असतो, साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी, रिकामी बॅटरी भरायला एक पूर्ण दिवस धरा. २४ तासांनी पण दिवा तसाच असेल तर बदला.

ह्या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षं चालतात, पण ते थंड खोलीत. २५ अंशाच्या वर साधारण दर ८-१० अंशाला आयुष्य निम्म्यावर येतं. आपल्याकडे पॅनल लावतात माळ्यावर, कौलांच्या किंवा पत्र्याच्या खाली, कारण चोराला दिसू नये. मे महिन्यात त्या माळ्यावर हात लावून बघा, आंबे आपोआप पिकतात तिथे. मी माझं पॅनल खाली देवघराच्या मागच्या भिंतीवर आणलं. नवीन बॅटरी आणताना तिच्या पात्यांची (वायर जोडायच्या पट्ट्यांची) रुंदी जुनीशी जुळवून बघा, दोन मापं मिळतात आणि रुंद टोक अरुंद पात्यावर सैल बसतं. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहा. जुनी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड असतं, दुकानदार परत घेतो, थोडे पैसे पण कमी करतो.

आणि आता आपली चाकरमान्यांची खास सवय. घर बंद करून निघताना मेन स्विच खाली ओढायचा, आजोबांपासून चालत आलंय, आगीची भीती. पण अलार्म बॅटरीवर किती टिकतो हिशोब करा. पॅनल, चार सेन्सर, कीपॅड, सिमचं मॉड्यूल मिळून सव्वादोनशे-अडीचशे मिलीअँपिअर आरामात खातात. ७ एएच म्हणजे कागदावर २८ तास, प्रत्यक्षात एक दिवस. म्हणजे तुम्ही शनिवारी कुलूप लावून निघालात तर सोमवारपासून घराला अलार्म नाही, आणि वर बॅटरी सहा महिने रिकामी पडून आत प्लेटींवर सल्फेट धरतं, ती परत भरतच नाही. गणपतीला येऊन मेन चालू केला की हिरवा दिवा लागतो आणि आपण परत खूश! उपाय सोपा आहे, वायरमनकडून अलार्मसाठी वेगळा एमसीबी आणि जमलं तर वेगळा आरसीसीबी काढून घ्या, बाकी सगळं घर बंद करा, तेवढं एक चालू ठेवा. माझ्या मते हे पन्नास हजारांच्या नवीन सिस्टीमपेक्षा कामाचं आहे.

सगळं ठीक आणि तरी पॅनल मेलेलंच, तर वीज पडल्याचा किंवा लाईट येतानाच्या झटक्याचा संशय घ्या. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट होतो तेव्हा जपा, शिवाय न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतो. बोर्डावर काळा डाग किंवा फुगलेला कपॅसिटर दिसला तर तिथे थांबा, ते दुकानाचं काम. अर्थिंग तपासून घ्या, जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या कामात त्यात पाणी घालायचं पण लक्षात ठेवा.

समुद्रापासून दोन-चार किलोमीटरच्या आत असाल तर टर्मिनल बघाच. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट आणि बॅटरीच्या पात्यांवर पांढरट बुरशीसारखं जमतं, व्होल्ट दिसतो पण करंट जात नाही. पॉलिश पेपरने घासा, पुन्हा घट्ट बसवा, वरून थोडं पेट्रोलियम जेली. डब्याला वायरची भोकं उघडी असतील तर बुजवा, मुंग्यांना गरम रिले फार आवडतो.

पॅनल जागं झालं की काम संपलं असं नाही. आधी लाईट द्या, मग बॅटरी जोडा, कारण बरीच पॅनल नुसत्या बॅटरीवर सुरूच होत नाहीत. पूर्ण बंद पडून उठलेलं पॅनल कधी कधी डिसआर्म होऊन, म्हणजे पहारा बंद ठेवून उठतं आणि घड्याळ पण भलतंच दाखवतं, रात्री अकराला आपोआप आर्म व्हायचं ठेवलं असेल तर ते दुपारी होईल नाहीतर होणारच नाही. कुठला झोन (एकेका दार-खिडकीच्या सेन्सरची लाईन) उघडा दाखवत असेल तर दार बघा, पावसात फणसाची-सागाची दारं फुगतात, मॅग्नेट आणि स्विचमध्ये बोटभर फट पडते.

मोबाईलवर मेसेज येत नसेल तर सिम. रिचार्ज संपलेला असतो, किंवा सिमला पिन लॉक असतो आणि पॅनल रीस्टार्ट झालं की सिम पिन मागत बसतं, साध्या फोनमध्ये घालून लॉक काढा. वायफायवालं असेल तर राऊटर आणि फायबरचा डबा दोघांनाही छोटा यूपीएस लागतो, एकाला लावून उपयोग नाही. तरी टॉवर पण लाईटवरच असतो हे विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात लाईट आणि नेटवर्क दोन्ही कित्येक दिवस नव्हते, तेव्हा कुठलाही मेसेज ठाण्यापर्यंत पोचला नसता. म्हणून हूटर मोठा हवा आणि शेजारी जागा हवा.

शेवटची टेस्ट मी दर वर्षी दोनदा करतो, आगोटीला आणि गणपतीत. अलार्मचा एमसीबी रात्री जेवून खाली करायचा, सकाळी चहाच्या आधी पडवीचं दार उघडायचं. वाजला तर ठीक. गेल्या गणपतीत वाजला, पाहुणे गादीवरून उठून अंगणात गेले, आणि काकांनी पलीकडून विचारलं, "आज चोर की टेस्ट?"