दोघांनीच, एक मुक्काम: गेटवे ते मांडवा पहिल्या फेरीची तयारी

बावीस-चोवीस फुटी बोट, मागे साठ हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बाहेरून लावलेलं इंजिन), पुढे दोन माणसं झोपतील एवढी केबिन: मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडव्याला जाण्याची ही यादी अशा बोटीसाठी आहे. आतापर्यंत सोबत कुणी जाणकार असायचा, आता नसेल. दोघांपैकी एक पाण्यात पडला, पाय मुरगळला किंवा उलट्यांनी आडवा झाला, तर बोटीवर खलाशी एकच उरतो. त्यामुळे प्रत्येक कामाला एकच प्रश्न लावा: हे दोघांपैकी कुणालाही एकट्याने जमतं का? नसेल, तर निघण्यापूर्वी शिकून घ्या.

दिवस निवडताना आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. मुंबईत उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास) भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) दीड-दोन मीटर. पहिल्या फेरीला अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार घ्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. हा अंदाज झाला. नक्की वेळ आणि उंची भरतीच्या अधिकृत तक्त्यातून कागदावर उतरवून घ्या. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा सकाळी मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा) वारा मंद असतो, दुपारनंतर वायव्येकडचा वारा उठतो आणि बंदरात आखूड, ठोकणाऱ्या लाटा तयार होतात. शनिवारी सातला निघालात तर ओहोटीचा ओढ तुमच्याच बाजूने राहतो. रविवारी परततानाही सकाळच धरा. ओहोटी थोडी समोरून लागेल, पण भांगाची ओहोटी इंजिनाला जड जात नाही. दुपारी भरती पाठीशी असली तरी समोरून वारा येतो, आणि प्रवाहाविरुद्ध वारा म्हणजे सगळ्यात वाईट पाणी.

अंतर सरळ रेषेत साडेसात-आठ सागरी मैल, म्हणजे साधारण १४ किलोमीटर. १२ नॉटने (तासाला १२ सागरी मैल) चाळीस मिनिटं, सात-आठ लिटर पेट्रोल. नियम तिहाईचा: एक वाटा जायला, एक यायला, एक शिल्लक. त्या हिशोबाने २५ लिटर पुरतं, तरी ५० घ्या. नांगर सरकला तर रात्री इंजिन चालू ठेवावं लागेल. शिवाय टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या दमट हवेचं पाणी पेट्रोलमध्ये उतरतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ते पाणी शोषून घेतं, जास्त झालं की पाणी-इथेनॉल तळाशी वेगळं होतं आणि इंजिन भर समुद्रात गचके खात बंद पडतं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवलेला हवा, एक जादा फिल्टर सोबत हवा आणि तो बदलायची रंगीत तालीम धक्क्यावर झालेली हवी.

इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची पिचकारी उडते का, ते बघायची सवय लावा. मुंबईच्या पाण्यात प्लास्टिकची पिशवी इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या जाळीवर चिकटणं रोजचं आहे. पिचकारी बारीक झाली की लगेच इंजिन बंद करा, वर उचला, पिशवी काढा. जादा प्रोपेलर, त्याची पिन, पाना, धारदार सुरी हाताशी ठेवा. डोलीच्या (कोळ्यांनी प्रवाहात एका जागी बांधून ठेवलेल्या) जाळ्यांचे दोर प्रोपेलरला गुंडाळले जातात, आणि जाळ्यांच्या खुणांवर अनेकदा दिवा नसतो. अंधारात निघायचं नाही, त्याचं हेही एक कारण.

तळाचं बूच लावलंय का, ते दोघांनी स्वतंत्रपणे बघा. (नव्या बोटीत पाणी शिरण्यामागे बहुधा हेच निघतं.) बिल्ज पंपाचा (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट हाताने उचलून पंप चालतो का पाहा. बॅटऱ्या दोन, वेगळ्या: दिवे आणि फोन एकीवर, इंजिन दुसरीवर.

नांगराला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण रात्रीची झोप त्याच्यावर आहे. मांडव्याच्या धक्क्याला फेरीबोटींची वर्दळ असते. तिथे बांधून रात्र काढता येईल असं गृहीत धरू नका. दुपारी ओहोटीला नांगर टाकलात आणि खोली मोजणाऱ्या यंत्रावर तीन मीटर पाणी दिसलं, तर संध्याकाळच्या भरतीला ते पाच होईल. पाण्यापासून बोटीच्या नाळेपर्यंत (पुढच्या टोकापर्यंत) एक मीटर, एकूण सहा. रात्रीसाठी सातपट, म्हणजे ४२ मीटर दोर सोडायचा. तीनच मीटर धरून हिशोब केला तर २८ मीटर सुटतो, भरतीला पट पाचाच्या खाली येते आणि नांगर उचकटतो. नांगराला आधी सहा-आठ मीटर साखळी, पुढे ६० मीटर दोर, दर दहा मीटरला रंगीत खूण. दोराचं शेवटचं टोक बोटीला बांधलंय ना? इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा पुढे, मागे, थांब यांच्या हातखुणा आधीच ठरवा. रात्री वर पांढरा दिवा लावा, चहूबाजूंनी दिसणारा.

लाइफ जॅकेट अंगावरच हवं, बाकाखाली नाही. चालवणाऱ्याच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी. पाण्यातून ओढून खाली येणारी शिडी असल्याशिवाय निघू नका. ओल्या माणसाला एकट्याने वर ओढणं जवळजवळ अशक्य असतं. पडलेल्याला उचलायचा सराव फेंडर (बोटीच्या कडेला लावायची उशी) पाण्यात टाकून करा: वाऱ्याच्या खालच्या बाजूने हळू यायचं, जवळ येताच इंजिन बंद. दोघांनीही तीनदा, आळीपाळीने.

जहाजांचा मार्ग काटकोनात ओलांडा. समोरचं जहाज मोठं होत जातंय आणि तुमच्या बोटीवरून ते एकाच दिशेला दिसत राहतंय, तर टक्कर ठरलेली. त्याची वाट बघत न बसता आधी तुम्ही वेग कमी करा. व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर, शेजारी संकटाच्या हाकेचा मजकूर आणि बोटीचं नाव मोठ्या अक्षरात चिकटवलेलं. तटरक्षक दलाचा फोन १५५४. किनाऱ्यावरच्या एका माणसाला लेखी सांगून ठेवा: रविवारी एकपर्यंत फोन आला नाही, तर तीनला १५५४ लाव.

खाण्यापिण्याचं फार मनावर घेऊ नका. माणशी रोज चार लिटर पाणी, दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, थर्मासमध्ये चहा. पहिल्या फेरीला गॅस नको. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळात साचतो. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी तासभर. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. ज्या गोळीने झोप येते ती चालवणाऱ्याला नको.

परत आल्यावर लगेच गोड्या पाण्याने इंजिन दहा मिनिटं धुवा, दोर सावलीत वाळत घाला आणि पेट्रोल नक्की किती गेलं ते वहीत लिहा. पुढच्या वेळचा तिहाईचा हिशोब त्या आकड्यावरून करायचा.