लाईनीला हात लावण्याआधी अर्थिंग आणि टॅग कसे करावे

हेल्मेट, पट्टा, हातमोजे, डिटेक्टर (तारेत वीज आहे का ते दाखवणारा) आणि डिस्चार्ज रॉड (तारेला अर्थ जोडायचा दांडा) गाडीत आहेत, असं धरून चालतो. हातमोज्यात हवा कोंडून पिळून बघा. हवा निसटली तर तो जोड पुन्हा वापरू नका.

सबस्टेशनमधून लाईन क्लिअर म्हणजे एलसी (लाईन बंद करून काम करायची परवानगी) घेताना फीडरचं (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनीचं) नाव, एलसी नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि ऑपरेटरला परत वाचून दाखवा. आपल्या बेळगावच्या सीमाभागात गावाला एनजेवायचा (निरंतर ज्योती योजनेचा) फीडर असतो आणि शेतातल्या पंपांना आयपीचा (इरिगेशन पंपांचा) वेगळा. दोन्ही एकाच शिवारातून जातात. एलसी एकाचा घेतला आणि शिडी दुसऱ्याच्या खांबाला लावली, यात माणसं गेली आहेत. म्हणून जीओएसपासून (तिन्ही तारा एकदम तोडणारा खांबावरचा स्विच) कामाच्या जागेपर्यंत लाईन नजरेनं धरून चालत या. पंपांची थ्री फेज वेळेनुसार बंद असते, तो एलसी नव्हे. "लाईट गेलीय, चढा की" असं खालून कुणी म्हटलं म्हणून चढू नका. हद्दीवर पलीकडच्या राज्याची लाईन वरून किंवा शेजारून जात असेल, तर तिचा एलसी वेगळा घ्यावा लागतो.

जीओएस उघडल्यावर तिन्ही पाती सुटलेली डोळ्यांनी बघा. हँडल खाली आलं तरी एखादं पातं चिकटून राहतं. मग कुलूप घाला आणि टॅग लावा.

टॅगवर नाव, मोबाईल नंबर, एलसी नंबर, तारीख आणि वेळ हवी, आणि मजकूर कन्नड व मराठी दोन्हींत हवा. सबस्टेशनला ड्युटीवर आलेला माणूस कन्नड वाचणारा असेल, जीओएसजवळून जाणारा शेतकरी मराठी. एका भाषेतला टॅग अर्ध्या लोकांना दिसतच नाही. "केलस नडेयुत्तिदे, स्विच हाकबेडि" हे कन्नड लिपीत आणि खाली "काम चालू आहे, स्विच लावू नका" हे मराठीत, ठसठशीत लिहा. दोन टोळ्या असतील तर दोन टॅग आणि दोन कुलुपं.

डिटेक्टर आधी चालू लाईनीवर तपासा, मग आपल्या तिन्ही तारांवर लावा, मग पुन्हा चालू लाईनीवर.

आता अर्थिंग, म्हणजे बंद केलेली लाईन जमिनीला जोडणं. ज्याच्यावर मी स्वतः चुकलो ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरी नवी होती. जांबोटीच्या बाजूला भर पावसात झाड पडून ११ केव्हीची एक तार तुटली होती. एलसी होता, लाईन डिटेक्टरवर मेलेली होती, सबस्टेशनच्या बाजूला मी अर्थ लावला आणि निर्धास्त झालो. तुटलेलं दुसरं टोक फांदीत लोंबकळत होतं. ते धरायला पुढे झालो तेव्हा सोबतच्या लाईनमननं डिटेक्टर पुढे केला आणि तो वाजला. माझा हात वीतभर अंतरावर होता. मधल्या वेळात पुढच्या एका भातगिरणीत जनरेटर सुरू झाला होता आणि चेंजओव्हर (जनरेटरची वीज लाईनीत जाऊ न देणारा स्विच) नीट नव्हता. ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, तसा उलट्या बाजूनं ४३३ चे ११,००० ही करतो. तार तुटली की माझा अर्थ फक्त अलीकडच्या तुकड्याला होता, पलीकडचा मोकळाच होता.

तेव्हापासून अर्थ कामाच्या दोन्ही बाजूंना, आणि काम करताना दिसेल असाच लावतो. तुम्हीही तसाच लावा. एका बाजूचा अर्थ पुरतो असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही जुना असला तरी.

क्रम असा: आधी जमिनीचं टोक पक्कं करायचं, मगच तारेचं. उलटं केलंत आणि लाईनीत करंट असला, तर तो जमिनीपर्यंत तुमच्या हातातून जातो. सिमेंटच्या खांबाला तार बांधणं म्हणजे अर्थ नव्हे. अर्थचा खिळा अडीच-तीन फूट जमिनीत गेला पाहिजे. काळ्या मातीत तो सहज जातो, खानापूरच्या जांभ्यात जात नाही. तिथं डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या जोडखांबाच्या) अर्थिंगला जोडा आणि ती अर्थिंग तुटकी नाही हे आधी बघा.

मग जवळच्या तारेपासून सुरुवात करून तिन्ही तारा एकमेकींना आणि अर्थला जोडा. दोनच जोडून तिसरी सोडू नका. जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेवर काळा थर असतो, त्यावर क्लॅम्प नुसता बसवला तर पकडत नाही. दोन-तीनदा घासून मग आवळा. उरलेली अर्थची तार खांबाला गुंडाळू नका. चुकून कुणी लाईन चार्ज केलीच तर प्रचंड करंटनं ती तार चाबकासारखी उसळते. एलटी (घरांना जाणाऱ्या कमी दाबाच्या) लाईनीवर न्यूट्रल आणि स्ट्रीटलाईटची तारही यात घ्या, कारण गावात इन्व्हर्टर आणि जनरेटर घरोघरी आहेत.

"दहा मिनिटांचं काम आहे, अर्थ कशाला" हे वाक्य मी टोळीत चालवून घेत नाही. असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी खालीच ठेवतो.

काढताना उलटा क्रम: आधी तारेचं टोक, शेवटी जमिनीचं. खाली उतरलेली माणसं मोजा, रॉड मोजा, गाडीतून चार नेले असतील तर चारच परत आले पाहिजेत. मग ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढावा, आणि त्यानंतर एलसी परत करायचा फोन लावा.